काचेची पडवी

जुन्नरहून नाणेघाटाकडे जाणारी एस. टी. आमच्या घरासमोर आली, की ड्रायव्हर हटकून मान वळवतो. तिथे ना थांबा, ना वळण. तो पाहतो ती आमची काचेची पडवी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कौलारू घरे, भाताची खाचरे, बांधावरची आंब्याची झाडे. आणि या सगळ्याच्या मधोमध अॅल्युमिनियमच्या चौकटींत बसवलेल्या आठ मोठमोठ्या काचा! गावातल्या पोरांनी तिला पहिल्याच आठवड्यात 'केबिन' असे नाव ठेवले. पाहुणे आले की आधी काचेला बोट लावून पाहायचे, आणि मग आमच्याकडे वळून म्हणायचे, "बरं चाललंय ना?"

"खर्च किती आला?" हा प्रश्न मला निदान शंभर जणांनी विचारला असेल. "कशासाठी बांधली?" हे मात्र एकीनेच विचारले. ती म्हणजे माझ्या सासूबाई. आणि त्या शंभर जणांना मी धडाधड उत्तर देत आले. त्या एकीला द्यायला मला जवळजवळ दीड वर्ष लागले.

आमचे गाव जुन्नर तालुक्याच्या पश्चिम अंगाला. आमच्या तालुक्याचे दोन तुकडे देवानेच पाडून ठेवले आहेत. पूर्वेला आळे, नारायणगावाकडे गेलात तर बाजरी, टोमॅटो, द्राक्षाच्या बागा. आकाश मोकळे, माती कोरडी. पश्चिमेला सह्याद्रीच्या कण्याकडे निघालात की दर दोन मैलांना हवा ओली होत जाते, बाजरी मागे पडते आणि भात सुरू होतो. मृगापासून हस्तापर्यंत आमच्याकडे आकाश नावाची वस्तू दिसत नाही. ढग डोंगरावरून उतरून अंगणात येतात, आणि कुणाची परवानगी न घेता सरळ स्वयंपाकघरात शिरतात. चार महिने मिठाला पाणी सुटलेले, काडेपेटी पेटत नाही, आणि कपडे वाळले असे म्हणायचे ते फक्त समाधानासाठी.

अशा मुलखात माझ्या आजेसासऱ्यांनी हे घर बांधले. आजेसासरे मोठे हिशेबी. मी दहावी झाले आहे आणि चित्रकलेच्या परीक्षा देऊन शाळेत लागले आहे, असे त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले होते, "म्हणजे म्याट्रिक! पुष्कळ झालं." मी दोन कादंबऱ्या लिहिल्या त्या त्यांच्या पश्चात. त्यांना ते कळले असते तर कागदाचा भाव विचारला असता. तर या हिशेबी माणसाने घराला पुढे पश्चिमेकडे तोंड करून लांबलचक पडवी ठेवली, कारण रस्ता पश्चिमेला होता. तीन लाकडी खांब, वर कौले, खाली शेणाने सारवलेली जमीन, आणि पुढे भिंत म्हणून काहीच नाही.

पडवी ही म्हटली तर घराची जागा, आणि म्हटली तर रस्त्याची. चैत्र-वैशाखात तिथे हिरडे वाळत पडायचे. ज्येष्ठात बियाण्याची पोती यायची. पावसाळ्यात ओल्या छत्र्या, घोंगड्या, शेजारचे कुत्रे आणि पाऊस थांबण्याची वाट पाहणारी शाळेतली पोरे, सगळे एका रांगेत. आणि मधल्या खांबाला टेकून बाई. सासूबाईंना आम्ही घरात आणि गावही 'बाई'च म्हणते. मांडीवर सूप, सुपात तांदूळ, डोळे रस्त्यावर. घाटाकडे कोण गेले, दवाखान्यात कुणाला नेले, कुणाची लेक सणाला आली, हे सारे त्यांना न विचारता कळायचे. जाणारा हाक मारायचा, "बाई, जातो गं!" आणि बाई म्हणायच्या, "येताना वांगी आण."

२०२१ च्या कार्तिकात बाईंचे गुडघे आणि कंबर धरली. जुन्नरच्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि सांगितले, की ड जीवनसत्त्व फार कमी आहे, गोळ्या घ्या आणि रोज थोडा वेळ उन्हात बसत जा. आमच्याकडे थंडीही खरी असते. पहाटे खाचरांवर धुके, गवतावर दहिवर, आणि पडवीत असा वारा, की दाराची कडी हाताला चटका बसल्यासारखी लागावी. तेव्हा मला ती कल्पना सुचली. पडवी काचेने बंद करावी. ऊन आत येईल, वारा बाहेर राहील. थंडीत ऊब, पावसात कोरडे. परदेशांत अशा खोल्या असतात, हे मी चित्रांत पाहिले होते.

ही झाली सांगायची गोष्ट. न सांगितलेली गोष्ट अशी, की माझी तिसरी कादंबरी सातव्या प्रकरणाशी अडली होती. घरात मला टेबल मांडायला जागा नव्हती. मी लिहीत असे ती स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कोपऱ्यावर, कुकरच्या शिट्ट्या मोजत. लिहिता लिहिता डोळे वर करावे तर समोर भिंत आणि भिंतीवर कालनिर्णय. मला उजेडाची खोली हवी होती. चित्रे शिकवणाऱ्या बाईला उजेडाचे वेड असणारच. डॉक्टरांनी 'ऊन' म्हटले मात्र, मला बाईंचे गुडघे दिसायच्या आधी खिडकीखालचे माझे टेबल दिसले. बाईंच्या हाडांच्या नावावर मी माझी खोली मागत होते, आणि हे माझे मलाही मी कळू दिले नव्हते.

नारायणगावचा एक कारागीर आला. माणूस आपल्या कामात चोख. मी म्हटले तसे त्याने केले, हे मुद्दाम सांगते. कारण पुढे जे झाले ते त्याचे पाप नव्हे. कौले उतरवून पत्रा घातला. पत्र्याखाली थर्मोकोलचा थर, म्हणजे उन्हाळ्यात ताप नको आणि थंडीत गारठा नको. त्याखाली पांढरे गुळगुळीत छत. सारवलेल्या जमिनीवर चकचकीत फरशी. काचांच्या कडांना तो चिकट रांधा भरताना कारागीर अभिमानाने म्हणाला, "मॅडम, सुई जाईल एवढी फट ठेवत नाही." मी म्हटले, "ठेवूच नका."

हे एकदाच बोलले. "वारा कुठून येईल?"

"वारा नको म्हणून तर हा सगळा खर्च," मी म्हणाले. आमचे हे अशा वेळी गप्प बसतात आणि मग पुढे कित्येक वर्षे त्या गप्प बसण्याचा मला त्रास होतो.

त्या दिवशी सूप मांडीवर घेऊन आतल्या दारात बसलेल्या बाईंनी विचारले, "सूनबाई, हे कशापायी गं?"

"तुमच्यासाठीच, बाई. उन्हात बसायला."

"ऊन तर अंगणातबी हाय," बाई म्हणाल्या आणि तांदळातला खडा वेचून बाहेर टाकायला गेल्या. तो काचेला लागून खाली पडला.

संक्रांतीपर्यंत खोली तयार झाली, आणि खरे सांगायचे तर ती पहिली थंडी झकास गेली. दुपारी दोननंतर पश्चिमेचे ऊन काचांतून आत शिरे आणि फरशी तापून जाई. काचेची ही एक गंमत आहे. उजेडाच्या रूपाने आलेल्या उन्हाला ती वाट देते. पण तेच ऊन फरशीत, खाटेत मुरून ऊब होऊन परत निघाले, की त्याला अडवते. संध्याकाळी बाहेर कुडकुडायला होई तेव्हा आत नुसत्या लुगड्यावर बसता येई. मांजराने तर तिथे कायमचा मुक्काम केला. मी टेबल मांडले. सातवे प्रकरण संपले, आठवे झाले. बाई खाटेवर पडून असत. त्या गप्प गप्प असतात हे मला दिसत होते. पण आराम पडला असेल, असा मी त्याचा अर्थ लावला. लिहिणाऱ्या माणसाला आपल्या सोयीचा अर्थ लावायला वेळ लागत नाही.

चैत्र उजाडला आणि तेच ऊन उलटले. दुपारी तीन वाजता पडवीत पाय ठेवला की भट्टीचे दार उघडल्यासारखे होई. मी पडदे लावले. म्हणजे उजेडासाठी काचा बसवल्या, आणि काचांवर पडदे ओढून आत दिवा लावून लिहायला बसले. हे ते पाहून हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

मग पाऊस आला.

पहिले आठ दिवस मी विजयी मुद्रेने खोलीत बसले होते. बाहेर घाटाकडून तिरपी झोड येत होती, काचांवर आपटत होती, आणि आत थेंब नव्हता. नवव्या दिवशी सकाळी उठून पाहते, तर काचा आतून ओल्या! मी आधी कुठे गळते ते शोधले. कुठेच गळत नव्हते. पुसले; संध्याकाळी पुन्हा ओल्या. आषाढ संपेपर्यंत छताच्या सांध्यांतून टिपटिप पाणी पडू लागले. पत्रा धड, खिळे धड, वर भोक नाही, आणि तरी खोलीत पाऊस! कोपऱ्यात भिंतीला काळे ठिपके आले. मग ते ठिपके एकमेकांना भेटले. कपाटातल्या पुस्तकांच्या पाठीवर हिरवट लव आली. हस्तलिखिताचे कागद सादळलेल्या पापडासारखे मऊ पडले. शाई पसरून आठव्या प्रकरणातली माणसे एकमेकांत मिसळून गेली. आणि खोलीला असा एक वास येऊ लागला, की ओले पोते आणि जुनी पेटी एकत्र उघडावी.

बाईंना खोकला लागला. रात्री दम लागे. मी म्हणे, "हवा बदलली आहे." हवा बदलली नव्हती हीच तर अडचण होती.

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मी हे गाऱ्हाणे सांगितले. त्यांनी काही न बोलता शिपायाकडून फ्रीजमधल्या पाण्याचा स्टीलचा पेला मागवला आणि टेबलावर ठेवला. दोन मिनिटांत पेल्याला बाहेरून घाम आला. "बाई, हा पेला गळका आहे का?" त्यांनी विचारले. दवबिंदूचा धडा मी नववीत पाठ केला होता. तो माझ्या घरात राहायला येईल असे वाटले नव्हते. हवेत वाफ असते, ती गार वस्तूला टेकली की तिचे पाणी होते. पावसाळ्यात आमच्याकडची हवा आधीच वाफेने भरलेली. त्यात बंद खोलीत दोन माणसे झोपणार. निजलेला माणूससुद्धा श्वासातून, अंगातून रात्रभर वाफ सोडत असतो. आत दोरीवर कपडे वाळत घातलेले. शेजारी स्वयंपाकघरात गॅस. आणि गॅस जळताना नुसती उष्णता देत नाही, वाफही देतो. ही सगळी वाफ जाणार कुठे? सुईएवढी फट नाही! पावसाने गार पडलेल्या काचेला आणि पत्र्याला टेकून ती पाणी होत होती. थर्मोकोलच्या तुकड्यांमधल्या चिरांतून वर गेलेली पत्र्याला चिकटून थेंब होत होती, आणि तो थेंब वाळायलाही तिथे वाट नव्हती. थंड देशांत हवा कोरडी आणि थंडी ही वैरीण. तिथे घर बंद करणे हे शहाणपण. आमच्याकडे वैरीण ओल. तिला बाहेर ठेवायला म्हणून दार लावले, ती आधीच आत येऊन बसलेली.

माझा मामेभाऊ नारायणगावाकडे द्राक्षे करतो. राखीपौर्णिमेला आला तेव्हा खोलीत पाय ठेवताच नाक वर करून म्हणाला, "ताई, इथं डावणी येणार." द्राक्षाच्या पानावर ओल टिकून राहिली की डावणी नावाचा रोग येतो. बाग दाटली की हे लोक पाने काढतात, फुटवे काढतात, वारा खेळता ठेवतात. भाजीपाल्यासाठी प्लॅस्टिकचे घर उभारतात त्यालाही वर झरोका ठेवतात. "वेलीला जे कळतं ते तुला कळू नये?" असे तो म्हणाला नाही, पण धाकटा भाऊ जेवढे न बोलता म्हणू शकतो तेवढे त्याने म्हटले.

श्रावणाच्या शेवटी बाईंना घेऊन पुन्हा जुन्नरला गेले. डॉक्टरांना मी अभिमानाने सांगितले, की बाईंसाठी काचेची खोली केली, थंडीभर उन्हात होत्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "काचेतून?" ते म्हणाले, "अहो, काचेतून ऊब येते. पण उन्हातल्या ज्या किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते, ते साधी काच अडवून धरते. आणि तेही भर उन्हात जास्त असतात, कलत्या उन्हात फार थोडे."

म्हणजे सगळी थंडीभर बाई उन्हात बसल्या होत्या आणि बसल्याही नव्हत्या. पुढे मी वाचले, की १९०३ साली स्वित्झर्लंडमधल्या लेझँ या डोंगरी गावात डॉ. रोलिए यांनी हाडांच्या क्षयाच्या रोग्यांसाठी सूर्यस्नानाचा दवाखाना काढला, तेव्हा बर्फाच्या त्या मुलखातही ते रोग्यांच्या खाटा उघड्या सज्ज्यांवर आणीत. काचेमागे नव्हे. आणि आमच्या घरी बाई आठ महिन्यांपूर्वीच सांगून गेल्या होत्या, की ऊन अंगणातबी हाय.

परतताना एस. टी.त बाई खिडकीशी बसल्या होत्या. आमच्या घराच्या अलीकडे एक ओळखीची म्हातारी डोक्यावर भारा घेऊन चालली होती. बाईंनी खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढून तिला हाक मारली. इतक्या मोठ्याने, की सारी गाडी दचकली. त्या हाकेने माझ्या छातीत काहीतरी हलले. मी हिशेब केला. गेल्या आठ महिन्यांत मी बाईंची हाक ऐकलीच नव्हती. काचेतून हाक जात नाही. रस्त्यावरची माणसे पहिल्याने हात हलवीत. मग काचेत आपलेच तोंड दिसते म्हणून तेही बंद झाले. पावसात थांबायला पोरे येईनात. चकचकीत फरशीवर चिखलाचे पाय टाकायला ती भीत. मीच एकदोनदा ओरडले होते. माझे लिखाण चालू असे ना! बाईंच्या गुडघ्यांना ऊब देण्यासाठी मी त्यांचा सारा रस्ताच बंद करून टाकला होता, आणि त्या मला एका शब्दाने बोलल्या नव्हत्या.

त्या वर्षीची दिवाळीही ओलीच होती. पाऊस मागे फिरायला तयार नव्हता. मी पणत्या आत, काचांच्या कडेने मांडल्या. म्हटले, वारा नाही, रात्रभर तेवतील. तेवल्या खऱ्या. पण थोड्या वेळात काचांवर आतून वाफ धरली आणि सगळ्या ज्योतींचा मिळून एक पिवळा धब्बा झाला. बाई अंगणात जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, "भाईरनं काईच दिसत न्हाई."

त्याच मार्गशीर्षात शाळेची सहल लेण्याद्रीला नेली. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून आम्ही वर गेलो. गिरिजात्मजाचे देऊळ म्हणजे सातवे लेणे. कातळात खोदलेले हे एवढे मोठे दालन, आत एकही खांब नाही, बाजूंनी भिक्षूंच्या निजायच्या खोल्या, आणि पुढे खांबांची एक पडवी. होय, पडवीच! दुसऱ्या कुठल्या शब्दाने तिला हाक मारू? या दालनात दिवसा दिव्याची गरज लागत नाही, असे सगळे सांगतात. मी कितीतरी वेळा ऐकले होते. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. ऊन खांबांच्या मधून तिरपे आत येऊन बसले होते, आणि माझी तिसरीची पोरे त्यात शेंगदाणे सोलत होती.

लेण्याद्रीच्या लेण्यांची तोंडे दक्षिणेला आहेत. खाली कुकडीचे खोरे. आमच्या जुन्नरला थंडीत दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून त्याचे ऊन पडवीच्या कपाळाखालून सरळ आत येते. तोच सूर्य मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत डोक्यावरून किंचित उत्तरेकडेच असतो. मग दक्षिणेच्या दारातून तो आत येणार कसा? कसला पडदा नको, काच नको. थंडीत ऊन आत, उन्हाळ्यात सावली आत. पावसाळ्यात भिक्षूंनी फिरू नये, एके जागी राहावे, असा त्यांचा नियम होता, वर्षावास. म्हणजे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी, याच ओल्या मुलखात, पाऊसभर माणसांनी राहण्यासाठी म्हणून ही घरे कोरली. आणि कोरणाऱ्याने तीन बाजू डोंगराला देऊन चौथी उघडी ठेवली. मला माझा कारागीर आठवला आणि मान खाली गेली. सुईएवढी फट!

त्या रात्री मला आणखी एक पडवी आठवली, माझ्या माहेरची. माझे माहेर आंबेगाव तालुक्यात, डिंभ्याच्या वरच्या अंगाला. ज्या गावाच्या नावाने आमचा तालुका ओळखला जातो, ते आंबेगाव धरणाच्या पाण्याखाली गेले. कचेरी घोडेगावला, नाव मात्र पाण्यातल्या गावाचे. भीमाशंकरच्या त्या डोंगरांत पाऊस जुन्नरला हसेल असा. आमच्या घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, वर माती आणि शेणाचा गिलावा. ज्येष्ठ लागला की वडील पडवीच्या पावसाकडच्या अंगाला गवताची झड बांधीत. झडीवर पाऊस आपटे, पाणी काड्यांवरून खाली ओघळून जाई, आणि काड्यांच्या मधून वारा मात्र हळूहळू आत येई. मातीचा कूड ओल पिऊन घेई आणि उघडीप पडली की सोडून देई. आत चूल सदा पेटती. तिचा धूर कौलांतून वाट काढी आणि जाताना भात, लाकूड, घोंगड्या सगळे वाळवून जाई. दसरा आला की वडील झड सोडीत, आणि पडवी पुन्हा रस्त्याची होई. मी त्या घरात लहानाची मोठी झाले, आणि तिथून एकच गोष्ट शिकले होते: हे सगळे जुने झाले.

तुम्ही म्हणाल, मग बाईंनी पुन्हा कूड घातला असेल आणि चूल मांडली असेल. तसे काही नाही. चुलीच्या धुराने माझ्या आईचे डोळे गेले तेवढे पुरे. घर उचलून दक्षिणेकडे फिरवताही येत नाही. पण २०२३ च्या चैत्रात आमच्या गावच्या सुतारमामांना बोलावले. ते खोलीत फिरले, छताला टिचकी मारली, आणि म्हणाले, "ह्याला नाक न्हाई."

मग त्यांनी नाक केले. थर्मोकोल आणि पांढरे छत उतरवले. वरच्या बाजूला अक्षरशः बादलीभर पाणी अडकलेले निघाले. पत्रा काढून पुन्हा कौले घातली, कौलांखाली फळ्या. फळी आणि कौल यांच्या मधल्या पोकळीतून हवा जाते, हीच आता आमची गरमी-थंडीची गादी. वळचणीखाली भिंतभर जाळीचे झरोके ठेवले, म्हणजे वर चढलेली वाफ बाहेर जाईल. आठ काचांपैकी पाच उघडणाऱ्या केल्या, आणि मधली काच, बाईंच्या खांबासमोरची, काढूनच टाकली. काळ्या पडलेल्या भिंतीवरचे सिमेंट खरवडून चुन्याचा हात दिला. पश्चिमेला पत्र्याची वळचण दोन हात पुढे काढली, म्हणजे उन्हाळ्यात सावली आणि पावसात आडोसा. आणि ज्येष्ठात ह्यांनी कुठूनशी गवताची झड आणून बांधली. मी विचारले नव्हते. मघाशी म्हटले ना, आमचे हे गप्प बसतात.

आता खोली पूर्ण कोरडी असते का? नाही. आमच्या मुलखात पावसाळ्यात कोरडे काहीच नसते. मीठ ओले, पापड सादळलेले, काडेपेटी रुसलेली. पण काचा आतून घामेजत नाहीत, काळे डाग पुन्हा आले नाहीत, आणि बाईंचा रात्रीचा दम थांबला. उन्हासाठी त्या अकराच्या सुमारास अंगणात पोत्यावर बसतात, पदर मागे सारून, पाय पसरून. गोळ्या चालू आहेतच. गुडघे अजून दुखतात; वय ऐंशीच्या घरात आहे, ते काय खिडकीने उतरायचे नाही.

काम चालू असताना एक दिवस मी बाईंजवळ जाऊन बसले. सुपातले तांदूळ निवडू लागले. म्हणाले, "बाई, तुम्ही विचारलं होतंत ना, कशासाठी बांधली म्हणून. मला लिहायला जागा पाहिजे होती."

बाईंनी वर पाहिले नाही. "मंग तवाच सांगायचं," त्या म्हणाल्या. "मागची खोली रिकामीच हाय की. दाणं भरायची कणगी हलवली तर तुझं टेबल मावतंय."

कणगी हलवली. टेबल मावले. मागच्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे आणि सकाळचा उजेड असा पडतो, की कागद भाजल्यासारखा शुभ्र दिसतो. एवढी वर्षे मी त्या खोलीत फक्त दाणे काढायला जात होते. सातवे आणि आठवे प्रकरण मी पुन्हा लिहिले. ओलीने पुसली गेलेली माणसे परत जमवताना लक्षात आले, की त्या कादंबरीतली सासू फार गोड झाली होती. तिला काही बोलूच दिले नव्हते मी.

काच काढल्यानंतरची पहिली दिवाळी आली तेव्हा मी पणत्या बाहेर, पडवीच्या कठड्यावर मांडल्या. घाटाकडून गार वारा सुटला होता. एक लावावी तर दुसरी विझे. मी वैतागले आणि म्हटले, "आतच ठेवते, बाई. इथे एकही टिकायची नाही."

रस्त्याने कोणीतरी अंधारातून हाक दिली, "बाई, दिवाळी झाली का?"

"या की फराळाला!" बाईंनी त्याला ओरडून सांगितले, आणि मग माझ्याकडे वळून, काडेपेटी पुढे करीत म्हणाल्या, "राहू दे इथंच. इजली तर परत लावू."